कढईशी बोलणारी रंभाबाई

कवडूने लाख मारली.

लाख जळते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती कधी शिजवलेली नसते. जळायच्या कितीतरी आधी ती मरते. मंद निखाऱ्यावर कढई ठेवली की आधी लाखेचे खडे घामेजतात, मग एकमेकांना चिकटतात, मग सगळी लाख काकवीसारखी पसरते, आणि काडी बुडवून उचलली तर मागे केसासारखी तार निघते. हीच तिची वेळ. याच वेळी तिच्यात तापवलेली कुरुंद दगडाची पूड पडली पाहिजे, म्हणजे धार लावायची साण तयार होते. वेळ चुकली आणि निखारा तसाच राहिला, तर तार आखूड होत जाते, लाख दाटते, रबरासारखी ताणू लागते, आणि शेवटी काडीला धरून अख्खा गोळाच वर येतो. मग खाली होळी पेटवा, तो पुन्हा वितळत नाही.

कवडूने ती मारली मारबत पाहण्याच्या नादात. पोळ्याचा दुसरा दिवस होता. इतवारीतून रोगराई घेऊन जाणारी काळी मारबत निघालेली, मागे बडग्यांच्या पुतळ्यांची रांग, ढोल, पोरांचा गोंगाट. आणि घरात त्याला थांबवणारं कोणी नाही. सासू रंभाबाई आणि बायको देवकी दोघी तान्ह्या पोळ्याला महालात मावशीकडे गेलेल्या. कवडूने म्हटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. मारबतीच्या दिवशी कोपऱ्यापर्यंत गेलेला माणूस कोपऱ्यावरूनच परतला, असं नागपुरात अजून घडलेलं नाही. तो घरी आला तेव्हा शहराची रोगराई वाजतगाजत वेशीबाहेर गेली होती आणि कढईत लाख मरून पडली होती.

कढई खरवडून दुसरी लाख चढवली असती तर गोष्ट तिथंच मिटती. पण ओसरीवर खापा गावचा रुपराव येऊन बसला होता. रुपरावही शिकलगारच, खाप्यात खुरपी-विळ्यांना धार लावणारा. त्याची साण झिजून भाकरीएवढी झाली होती, घरी निंदणाच्या खुरप्यांचा ढीग पडला होता, आणि दिवस कलायच्या आत खाप्याकडे जाणारी बैलबंडी त्याला गाठायची होती.

"झाली काय गा साण?" त्याने विचारलं.

"झालीच समजा," कवडू म्हणाला.

घरात एका गाडग्यात राळ होती. ती साणेसाठी नव्हे, मुठींसाठी. सुरी-विळ्यांच्या मुठी बसवायच्या तर लाखेत राळ आणि विटेची पूड घालतात. राळेने लाख सैल होते, मुठीच्या भोकात धावत जाते, आणि विटेच्या पुडीने तिला घट्टपणा येतो. मुठीला तेवढं पुरतं, कारण मूठ काही फिरत नाही. साणेत मात्र राळ चालत नाही. राळ विस्तवाजवळ लाखेला लाडीगोडी लावते, आणि मग थंडीत तिला ठिसूळ करते, उन्हात पाघळवते. हे कवडूला माहीत नव्हतं असं नाही. त्याने मेलेला गोळा काढून राखेच्या खड्ड्यात दडवला, तळाशी जी अर्धमेली लाख उरली तिच्यात ओंजळभर राळ टाकली, आणि लाख जिवंत झाल्यासारखी पळू लागली.

त्याने पूड घातली, गोळा पाट्यावर घेऊन दांडक्याने बडवला, लाटला, कडा दाबून गोल केला, मधोमध तापल्या सळईने भोक पाडलं. साण अशी चकाकत होती की रुपरावाने तिच्यात आपलं तोंड पाहून मिशी सारखी केली.

"सासूच्या वर गेला गा तू," तो म्हणाला.

"दोन दिवस सावलीत ठेवजा, मंग चढवजा," कवडू म्हणाला. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणे. त्या दिवशी मात्र मनापासून म्हणाला.

रुपराव साण घेऊन गेला.

आता रंभाबाईविषयी. कवडू तिचा घरजावई, म्हणजे जावयाचा मान अर्धा आणि गड्याचं काम दीड. तिच्या माहेरकडची रीत अशी की सासूने जावयाशी समोरासमोर बोलायचं नाही. डोईवरचा पदर पुढे ओढायचा आणि सांगायचं ते लेकीमार्फत सांगायचं. लेक जवळ नसली तर भिंतीला, मांजराला, चुलीला सांगायचं. जावयाचे कान काही कोणी बुजवलेले नसतात. रंभाबाई कढईला सांगे. "कढईबाई, तुह्या खालचा निखारा लय तापून राहिला वं," असं ती म्हणाली की कवडू चिमट्याने दोन निखारे बाजूला करी. "कढईबाई, तुमच्यात माणसं सूर्य माथ्यावर आल्यावर उठतेत काय वं," असं म्हणाली की कवडूला त्या दिवशी कमी ऐकू येई. कढईच्या वतीने उत्तर द्यायची रीत नव्हती, आणि त्या घरात शांतता नांदत होती ती एवढ्यामुळेच.

ती भंडाऱ्याकडच्या पळसाच्या रानातली. बाप फांद्यांवरची लाख खरवडून विकायचा. नागपुरात गणपतराव शिकलगाराच्या घरी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या अंगालाच लाखेचा वास होता, असं शेजारणी नंतर कित्येक वर्षं म्हणत. गणपतराव साणेपुढे बसून पातं धरी, आणि ती समोर बसून आसाला गुंडाळलेली चामड्याची वादी ओढी. एकदा या टोकाने, एकदा त्या टोकाने, आणि साण पुढे-मागे गरगरे. लाख शिजवायचं कामही तिने लवकरच आपल्या हाती घेतलं. लाखेची वेळ तिला डोळ्यांआधी नाकाला कळे. बाजारात लाख घेताना ती खडा फोडून त्यावर तोंडाची वाफ सोडी आणि हुंगे. देवळातल्या धुपाचा, म्हणजे राळेचा, जरा जरी वास आला, तरी खडा परत पोत्यात ठेवून ती पुढच्या दुकानी जाई.

गणपतराव वारला त्या वर्षी तिने दुकान मोडावं असं भाऊबंदांनी सुचवलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कढई घासून चुलीवर ठेवली. गणपतराव कसा वारला, हे त्या घरात कोणी बोलत नसे. साणेवर काम करताना लागलं, एवढंच कवडूच्या कानावर होतं.

दोघी मायलेकी दिवेलागणीला महालातून परत आल्या. रंभाबाई उंबऱ्यातच थबकली. मग चुलीपाशी गेली, कढईवर वाकली, पदर पुढे ओढला.

"कढईबाई," ती म्हणाली, "आज तुह्या पोटातून राळेचा वास काहून येऊन राहिला वं?"

कवडूने बायकोला म्हटलं, "तुह्या मायले सांग, मुठी बसवल्या आज."

देवकीने मुठींच्या टोपलीकडे पाहिलं. टोपली सकाळी होती तशीच भरलेली होती. तिने मायला काही सांगितलं नाही आणि नवऱ्यालाही काही विचारलं नाही, ताटं वाढली.

सकाळी रंभाबाई भांडी घासायला राख काढायला गेली आणि तिच्या हाताला तो गोळा लागला. तिने तो निखाऱ्यावर धरला. तो वितळला नाही. फुगला, काळा पडला, तसाच राहिला. तिने तो खाली ठेवला. मग उठली, डोईवरचा पदर मागे सारला आणि कवडूच्या समोर येऊन उभी राहिली. पाच वर्षांत त्याने सासूचा चेहरा इतका समोरून पाहिला नव्हता.

"जावई," ती म्हणाली, "ते साण कोणाच्या घरी गेली?"

प्रश्न कढईला विचारला असता तर तो गप्प राहू शकला असता.

"खाप्याच्या रुपरावाकडं," तो म्हणाला.

"त्याची वादी कोण ओढते?"

"त्याची बायको. रुखमाबाई."

घरची चालती साण तिने आसावरून उतरवली, गोधडीत गुंडाळली, आणि देवकीला म्हणाली, "भैयाजी तेल्याची बंडी माग. खाप्याले जाऊन येतो म्हणा."

भैयाजीने बंडी दिली, बैल दिले, वर एक टोमणाही दिला. "सासू-जावयाची जोडी अन् बैलाची जोडी, यंदाचा पोळा लांबला म्हणायचा." कवडूला हसू आलं नाही. बैलांच्या शिंगांचा पोळ्याचा रंग अजून उतरला नव्हता.

बंडीत रंभाबाई त्याच्याकडे पाठ करून बसली, मांडीवर ती साण. पदर पुन्हा पुढे आला होता. शहर मागे पडलं, कोराडीचा तलाव मागे पडला. पाटणसावंगीच्या अलीकडे चिखलात चाक रुतलं, कवडूने उतरून खांदा लावला, आणि बंडी पुन्हा चालू लागली तेव्हा तिचा आवाज आला. ती डावीकडच्या बैलाशी बोलत होती.

"चांद्या, तुले म्हणून सांगतो. दुष्काळाचं साल होतं गा. लाख मिळत नव्हती. मिळाली ते व्यापाऱ्यानं राळ मिसळून देलेली. मले वास आला होता. म्या देवकीच्या बापाले म्हटलं, नोको घेऊ. हे म्हणाले, घरात दाणा नाही, राळेच्या वासानं काय पोट दुखते काय."

चांद्याने शेपटी हलवली. कवडू कासरा धरून समोर पाहत राहिला.

"साण झाली. चकाकली. म्या वादी ओढत होती, हे पातं लावून बसले होते. चार-सहा दिवस चालली बापा. मंग एक दिवस मले तिच्या अंगावर रेघ दिसली. केसावानी. म्या घाबरली अन् हाक मारली. तेवढंच चुकलं माहं. हाक ऐकून यायनं मान वर केली, हातातलं पातं साणेत रुतलं, माह्या हाताले झटका बसला, अन् साण फुटली. तुकडा इथं लागला." तिने आपल्या गळ्याला हात लावला असावा, कवडूने मागे वळून पाहिलं नाही. "गप राहून हळू थांबवली असती तं कदाचित वाचते. का नसते वाचते. चांद्या, तुले काय समजते म्हणा."

त्यानंतर खापा येईपर्यंत कवडूने बैलांना एकदाही न मारता असं दामटलं की ते भैयाजीला कळतं तर त्याने जन्मभर बंडी दिली नसती.

रुपरावाचं घर कोष्ट्यांच्या आळीला लागून होतं. गल्लीच्या तोंडाशीच आवाज आला, पात्यावर साणेचा, चर्र, चर्र. दोन दिवस सावलीत ठेवायला रुपरावाला सवड नव्हती. अंगणात तो साणेपुढे उकिडवा बसून खुरपं लावत होता आणि समोर रुखमाबाई, वाळकी, पांढऱ्या केसांची, दोन्ही हातांनी वादी ओढत होती. खुरप्यातून ठिणग्या उडत होत्या. साण काय सुंदर चालत होती.

कवडूने उडी टाकली, तोंड उघडलं, आणि त्याच्या मनगटावर मूठ आवळली गेली. रंभाबाईने जावयाला हात लावला होता. तिने मान हलवली. हाक नाही.

ती बाजार करायला निघालेल्या बाईसारखी अंगणात गेली, रुखमाबाईच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "थकल्या असान बाई. द्या, घडीभर मी ओढतो."

रुखमाबाईने चमकून पाहिलं, ओळखलं, हसली. वादीची टोकं एका हातातून दुसऱ्या हातात गेली. साणेला ते कळलं नसेल. रंभाबाई ओढू लागली. आधी होती तेवढ्याच जोराने, मग जरा कमी, मग आणखी कमी. "रुपरावजी, पातं उचला गा, पाणी पिऊ," ती मध्येच साध्या आवाजात म्हणाली, आणि रुपरावाने खुरपं उचललं. साणेचे फेरे लहान होत गेले. अगदी शेवटी, थांबता थांबता, रंभाबाईने वादी आवळून धरली तेव्हा जुनं चामडं चुरचुरलं आणि तुटलं. साण उभी राहिली.

कवडू अंगणात आला.

रंभाबाईने साणेच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट रुपरावापुढे धरलं. बोटाला चिकट, पिवळट लेप लागला होता. "उन्हानं पाघळून राहिली. राळ हाय यात. हे माघारी द्या. ही माह्या घरची घ्या," तिने गोधडी सोडली, "जुनी हाय, पण जित्या लाखेची हाय."

रुपराव एकदा त्या काळवंडलेल्या, झिजक्या साणेकडे पाहू लागला, एकदा आपल्या चकचकीत साणेकडे. "काहून? चांगली तं चालून राहिली. तुमच्या जावयाचा हात चांगला हाय, म्हणून पोटात दुखते काय रंभाबाई?"

"ठोकून पाहा," ती म्हणाली.

त्याने घरच्या साणेवर खुरप्याची मूठ आपटली. तिने देवळातल्या घंटेसारखा नाही, पण चांगल्या घागरीसारखा नाद दिला. मग त्याने नव्या साणेवर तीच मूठ, काही कमी जोराने, आपटली. नाद आला नाही. साण आसावरच दुभंगली, एक फाळकं खाली पडलं, आणि पडलं तिथं त्याचे आणखी दोन झाले. आत चकाकी कुठेच नव्हती. मेलेल्या लाखेचे तंतू आणि त्यांच्यामध्ये कोरडी, लाखेने न धरलेली पूड. बोट लावलं की झडत होती.

रुपराव त्या तुकड्याकडे पाहत होता. मग त्याची नजर त्या जागेवर गेली, जिथे त्याची बायको बसली होती. तो उठून आत गेला आणि स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन आला, बायकोसाठी.

"म्या केलं हे," कवडू म्हणाला. "लाख मेली होती. राळ घालून तुम्हाले देली."

रुपरावाने त्याच्याकडे पाहिलं. शिवी ओठांवर आली होती हे दिसलं, पण पाहुण्या बाईसमोर ती गिळली. "तुह्या सासूचे पाय धर," एवढंच म्हणाला. कवडूने ते रुखमाबाईचे धरले. ती गोंधळली, पाय मागे ओढू लागली, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "बाकी काही नाही, माही वादी मात्र गेली बापा. लय दिवसाची होती."

"वादी मी पाठवीन," रंभाबाई म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती चांद्याशी काही बोलली नाही. घरी आता साणच नव्हती. बाजारात होती ती लाख राळ मिसळलेली, आणि रंभाबाई खडा हुंगून परत ठेवत होती. कवडू रोज मुठी बसवायचा. तेवढ्यावर चूल पेटत होती. ती कढईशीही बोलेनाशी झाली. देवकी दोघांच्या मधे बसून गहू निवडी आणि दोघांपैकी कोणाकडेच पाहत नसे.

दसऱ्याच्या आगेमागे मानमोडीच्या तापाची साथ आली. त्या सालची ती साथ ज्यांनी पाहिली ते अजून तिच्याविषयी आवाज उतरवून बोलतात. मारबत ज्या वाटेने रोगराई घेऊन गेली, त्याच वाटेने तिरड्या जाऊ लागल्या. रंभाबाई तापाने अंथरुणाला लागली त्याच सुमाराला रानातून तिच्या माहेरचा माणूस लाख घेऊन आला. तिने पोतं खाटेजवळ आणवलं, खडा फोडला, नाकाशी धरला. पुन्हा धरला.

मग पदर न ओढता म्हणाली, "जावई, मले वास येत नाही. चूल इथंच पेटवा."

कवडूने खाटेशेजारी निखारे पसरले, दुसऱ्या कढईत कुरुंदाची पूड तापत ठेवली, आणि लाख चढवली. रंभाबाईचे डोळे मिटलेले होते.

"सांगा," ती म्हणाली. "वास कसा येऊन राहिला?"

"पळसाच्या ओल्या काडीवानी. धुपाचा नाही आत्याबाई. जराही नाही."

"निखारा?"

"दोन काढले."

थोड्या वेळाने, "तार?"

कवडूने काडी उचलली. तार निघाली, लांब, त्याच्या हातापासून कढईपर्यंत, आणि तुटली नाही. "केसावानी," तो म्हणाला.

"तं मंग टाका. वाट कोणाची पाहता?"

त्याने पूड टाकली. गोळा बडवताना, लाटताना देवकी दारात उभी होती. साण सावकाश निवू दिली. निवल्यावर कवडूने ती खाटेपाशी नेली आणि मुठीने हलकेच ठोकली, तेव्हा घागरीसारखा नाद निघाला. रंभाबाईने डोळे उघडले नाहीत. तिचं बोट खाटेच्या काठावर एकदा आपटलं, तसंच. त्याच आठवड्यात ती गेली. गल्लीत तेव्हा खांदा द्यायला माणसं पुरत नव्हती. भैयाजी आला, कवडू होता, आणि दोन अनोळखी माणसं होती.

वादी कवडूने आणली. चांभाराकडून चांगली, रुंद, शिवणीची, रुखमाबाईच्या वादीपेक्षा हातभर लांब. ती न्यायची म्हणून दिवस ठरवला, आणि त्याच सुमाराला कोणीतरी सांगितलं की खाप्यात कोष्ट्यांच्या आळीतली कित्येक घरं मानमोडीने बंद झाली. कोणाकोणाची, ते त्याने विचारलं नाही. सांगणारा सांगायच्या बेतात होता, तर कवडूला अचानक आत काम निघालं.

अजून ती वादी खुंटीला आहे. पोळ्यानंतर तो तिला तेल लावतो, उन्हात धरतो, पुन्हा टांगतो. भैयाजीची बंडी वर्षातून दोनदा तरी खाप्याला जाते, आणि निघताना भैयाजी दारात थांबून विचारतो, "खाप्याले काही द्यायचं हाय काय गा?"

"पुढच्या खेपेले देतो," कवडू म्हणतो, आणि कढईखालचे दोन निखारे बाजूला करतो.